फॅमिलीसर्च वर्षभर वापरून: सासरच्या 'ली' आडनावाचा शोध

आमच्या घरचं आडनाव ली. मी साताऱ्याची, नवरा मिनेसोटाचा, आणि फोनवर कुणी ली ऐकलं की समोरचा माणूस आम्हाला चिनी समजतो, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत गेलं की हमखास कुणीतरी विचारतं की तुम्ही अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या जनरल रॉबर्ट ई. ली यांच्या घराण्यातले का. सासरी याबद्दल एकच गोष्ट पिढ्यानपिढ्या चालत आली होती, ती म्हणजे आपले पूर्वज नॉर्वेहून आले, नाव मोठं लांबलचक होतं आणि एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरात परदेशातून येणाऱ्यांची तपासणी व्हायची त्या ठाण्यावरच्या कारकुनाने ते तोडून ली करून टाकलं. लेक चौथीत गेल्यावर शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने विचारलं की मग ते लांब नाव काय होतं? कुणालाच सांगता येईना. सासरे म्हणाले, आमच्या आजोबांनाही माहीत नव्हतं.

मला हे फार लागलं, कारण आपल्याकडे नाशिकला गेलं की तीर्थोपाध्ये गाव आणि आडनाव विचारतात, वही काढतात आणि त्यात पणजोबांच्या हातची सही दाखवतात. मी स्वतः माझ्या आजोबांची नोंद तशी बघितलीये. माझ्या लेकीला आईकडची सही दाखवता येते, मग बापाकडची का नाही? एवढ्यासाठी मागच्या हिवाळ्यात सुरुवात केली. त्यात फॅमिलीसर्च ही पूर्वज शोधायची वेबसाइट सगळ्यात जास्त वापरली म्हणून हा रिव्ह्यू त्याचा, पण वाटेत जे बाकीचं लागलं तेही सांगते कारण एकट्या फॅमिलीसर्चवर हे पूर्ण झालं नसतं.

निकाल आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईल.

फॅमिलीसर्च पूर्ण फुकट आहे. खातं उघडायचं, लॉगिन करायचं, बस. क्रेडिट कार्ड मागत नाहीत, ट्रायल संपली वगैरे प्रकार नाही. हे चालवतं मॉर्मन चर्च, म्हणजे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, ज्याचं मुख्य ठाणं युटामध्ये सॉल्ट लेक सिटीला आहे. पूर्वजांसाठी देवळात विधी करायचे असतात अशी त्यांची श्रद्धा, आणि त्यासाठी पूर्वज कोण ते नक्की माहीत हवं, म्हणून 1894 मध्ये त्यांनी वंशावळ संस्था काढली आणि 1938 पासून जगभर फिरून चर्चच्या वह्या, कोर्टाचे कागद, जमिनीचे दस्त मायक्रोफिल्मवर घ्यायला लागले. चोवीस लाखांच्या आसपास रिळं झाली, ती सॉल्ट लेकजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात तिजोरी खोदून ठेवलीत. 2021 मध्ये त्या सगळ्याचं डिजिटायझेशन संपलं. त्यांची श्रद्धा आपली नसली तरी काही अडत नाही, मला वर्षभरात कुणी धर्माबद्दल एक शब्द विचारला नाही. आणि हो, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही याच लोकांनी फिल्मवर घेतल्यात, त्या बघून मला फार बरं वाटलं होतं, पण तो वेगळा विषय.

आता कामाचं. अमेरिकेत माणूस शोधायचा तर जनगणनेपासून सुरुवात करायची आणि उलटं मागे मागे जायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. जनगणनेचे कागद 72 वर्षं बंद असतात, म्हणून सध्या उघडलेली शेवटची 1950 ची, ती 2022 च्या एप्रिलमध्ये खुली झाली. त्यात सासरे सापडले, नॉर्थ डकोटात, आईवडिलांच्या खाली, तान्हं पोर म्हणून! ते पान सासऱ्यांना दाखवलं तर चष्मा पुसून पुसून बघत होते. मग 1940, 1930, 1920, 1910 असं मागे जात 1900 ला पोचले. 1900 चा कागद म्हणजे खजिना आहे बघा, त्यात जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, आईला किती मुलं झाली आणि त्यातली किती जिवंत, देशात कुठल्या साली आले, सगळं लिहिलेलं असतं. तिथे भेटले नवऱ्याचे खापरपणजोबा, ओले ली, जन्म नॉर्वे, अमेरिकेत आले 1866. बायकोला मुलं झाली नऊ, जिवंत सहा. त्या दोन आकड्यांवर मी बराच वेळ थांबले होते.

आणि इथेच घरातली गोष्ट कोसळली. एलिस आयलंड सुरूच झालं 1 जानेवारी 1892 ला. 1866 मध्ये तिथे कारकूनच नव्हता तर नाव तोडणार कोण? आणि नंतरच्या काळातसुद्धा तिथे कुणी नावं बदलत नव्हतं, प्रवाशांची यादी जहाज सुटतानाच जहाज कंपनी करायची आणि तिथले अधिकारी त्या यादीवरून फक्त ताडून बघायचे. तरी अर्ध्या अमेरिकेत घराघरात हीच गोष्ट सांगतात.

मग 1890 बघू म्हटलं तर 1890 ची जनगणना जवळजवळ सगळीच गेली, 1921 च्या जानेवारीत वॉशिंग्टनला कॉमर्स खात्याच्या इमारतीत आग लागली त्यात. म्हणजे 1880 ते 1900 वीस वर्षांचा खड्डा, तो राज्यांच्या जनगणनांनी वगैरे भरायचा. 1880 मध्ये ओले ली सापडले डकोटा टेरिटरीत, ट्रेल काउंटीत, म्हणजे आजच्या नॉर्थ डकोटात. आणि 1870? नाहीत. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा, कुठेच त्या वयाचा नॉर्वेचा ओले ली नाही. दोन महिने मी इथेच अडकले.

या दोन महिन्यांत मी एक चूक केली ती सांगून टाकते. एका संशोधन करून देणाऱ्या सेवेला पैसे दिले, नाव लिहीत नाही. त्यांनी चौदा पानांचा गुळगुळीत रिपोर्ट पाठवला आणि त्यात आमचे ओले व्हर्जिनियाच्या ली घराण्याला जोडून दिले, जे सतराव्या शतकापासून तिथे असलेलं इंग्लिश कुटुंब आहे. पुरावा म्हणून इंटरनेटवरच्या कुणाच्या तरी झाडाची लिंक. बरोबर ली घराण्याच्या ढालीचं, म्हणजे मानचिन्हाचं चित्र. माझ्या हातात 1900 चं पान होतं, जन्म नॉर्वे असं लिहिलेलं, आणि हे लोक मला व्हर्जिनिया सांगत होते. ढालीचं म्हणाल तर इंग्लंडात ती एका माणसाला आणि त्याच्या वंशाला दिलेली असते, आडनावाला नाही. मला खूप वाईट वाटलं, पैशाचं कमी आणि सासऱ्यांनी तो रिपोर्ट आनंदाने सगळ्या भावंडांना पाठवला होता त्याचं जास्त.

म्हणून फॅमिलीसर्च वापरणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते, झाड नका बघू, पान बघा. फॅमिलीसर्चवर सगळ्या जगाचं मिळून एकच सामायिक झाड आहे, त्यात कुणीही बदल करू शकतं, एकाच नावाची दोन माणसं कुणी जोडून टाकली तर तुमचे आजोबा दुसऱ्याच घरात जाऊन बसतात. कुणी कधी काय बदललं याची नोंद राहते आणि बदल परत फिरवता येतो हे खरं, पण रोज कोण लक्ष ठेवणार? माझा अर्धा स्टार इथे गेला. झाड उपयोगी पडतं ते इशारा म्हणून, नावाखाली स्रोत जोडलेत का ते बघायचं, स्रोत उघडायचा, आणि टाइप केलेली नोंद नाही तर मूळ पानाचा फोटो वाचायचा. त्या नोंदी स्वयंसेवकांनी वाचून टाइप केलेल्या असतात, जुनं वळणदार अक्षर आणि वर नॉर्वेजियन नाव, एस चा एल होतो, काहीही होतं. आणि पान उघडलं की वरची खालची घरं पण वाचायची. शेजारी कोण आहेत यावरून जेवढं कळतं तेवढं नावावरून कळत नाही.

कोंडी फुटली जमिनीच्या कागदावरून. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर सरकारी जमीन मिळायची, पाच वर्षं तिथे राहून कसायची, मग पट्टा तुमचा. पट्टा जनरल लँड ऑफिसच्या सरकारी साइटवर फुकट दिसतो, पण त्यामागची पूर्ण फाइल वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये असते, ती फी भरून मागवावी लागते. मागवा! माझ्या मते या सगळ्या प्रवासात खर्च करण्यासारखी हीच एक गोष्ट. घर केवढं, किती एकर नांगरली, कुटुंबात कोण कोण, दोन शेजाऱ्यांच्या साक्षी, आणि परदेशातून आलेल्या माणसाला नागरिकत्वाचा पुरावा लावावा लागायचा तो कागदही आत. आमच्या फाइलीत नागरिकत्वाच्या कागदावर नाव होतं ओले हॅन्सन आणि खाली त्यांची स्वतःची सही, ओले एच. ली. एकाच माणसाची दोन नावं एकाच फाइलीत. मी रात्री साडेअकराला नवऱ्याला उठवून दाखवलं.

हॅन्सन कळल्यावर 1870 लगेच मिळालं, मिनेसोटातली गुडह्यू काउंटी, दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून. पण हॅन्सन म्हणजे तरी काय? हे मराठी माणसाला समजावणं सोपं आहे. हॅन्सन म्हणजे हान्सचा मुलगा, आपल्या मधल्या नावासारखं. ओलेचा मुलगा मग ओल्सन होणार, मुलगी ओल्सडॅटर, आणि बाई लग्न झालं तरी बापाचंच नाव लावणार, नवऱ्याचं नाही, त्यामुळे नॉर्वेच्या वहीत बायका शोधणं उलट सोपं जातं. नॉर्वेत सगळ्यांना कायमचं एकच आडनाव घ्यायला लावणारा कायदा आला तो 1923 मध्ये. त्याआधी खेड्यात तीन भाग असायचे, स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि ज्या शेतावर राहता त्या शेताचं नाव. हे तिसरं म्हणजे आपलं '-कर', पण एक मोठा फरक. आपला चिपळूणकर साताऱ्याला येऊन शंभर वर्षं झाली तरी चिपळूणकरच राहतो. त्यांच्याकडे माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की शेताचं नाव बदलायचं, कारण ते नाव कुळाचं नव्हतंच, पत्ता होता. घरजावई झालेल्यालासुद्धा बायकोच्या शेताचं नाव लागायचं.

आणि ओले हॅन्सन नावाचे त्या काळी किती असतील विचार करा. यादवी युद्धात विस्कॉन्सिनची 15 वी रेजिमेंट जवळजवळ सगळी स्कँडिनेव्हियन होती, कर्नल हान्स ख्रिश्चन हेग तिचे प्रमुख, 1863 मध्ये चिकामॉगाला पडले ते, त्या एका रेजिमेंटमध्ये ओले नावाचे शंभराच्या वर होते. म्हणून तर अमेरिकेत आल्यावर पोस्टमनला आणि बँकेला वेगळं ओळखू यावं म्हणून कितीतरी जणांनी शेताचं नाव आडनाव म्हणून घेतलं. आमच्यांनीही तेच केलं. म्हणजे नाव कुणी तोडलं नव्हतं, त्यांनी स्वतः निवडलं होतं.

आता कुठलं शेत? यासाठी नॉर्वेतली पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा भाग, कळायला हवी, आणि ते अमेरिकन सरकारी कागदात सहसा नसतंच, नुसतं नॉर्वे एवढंच असतं. ते असतं चर्चच्या वहीत. गुडह्यू काउंटीत होल्डन नावाचं जुनं नॉर्वेजियन लुथरन चर्च आहे, तिथे 1859 पासून पाद्री होते बर्न्ट युलियस मूस, ज्यांनी पुढे 1874 मध्ये नॉर्थफील्डचं सेंट ओलाफ कॉलेज सुरू केलं. त्या भागातल्या वहीत 1872 च्या लग्नाच्या नोंदीत वराचं जन्मस्थळ पॅरिशसकट लिहिलेलं मिळालं, सोग्नमधलं, पश्चिम नॉर्वेच्या फियोर्डच्या काठचं.

तिथून पुढे नॉर्वेचं डिजिटालअर्कीव्हे, त्यांच्या नॅशनल आर्काइव्ह्जची साइट. ही पण फुकट, आणि चर्चच्या वह्या बघायला तर लॉगिनही लागत नाही. गॉथिक अक्षर आहे, पहिले पंधरा दिवस एक ओळ लागत नव्हती, फॅमिलीसर्चवर जुनं हस्ताक्षर वाचायचे धडे आहेत ते करून मग हळूहळू जमलं. त्यांची 1865 ची जनगणना 31 डिसेंबरची आहे. म्हणजे आमचे ओले निघायच्या जेमतेम काही महिने आधीची! वीस वर्षांचा मुलगा, आईवडील, दोन बहिणी, आणि शेताचं नाव ली. ली म्हणजे डोंगरउतार. उच्चार नॉर्वेतही लीच, पण तिथलं जुनं स्पेलिंग इंग्रजीत 'लाय' म्हणजे खोटं असं वाचलं जातं, म्हणून अमेरिकेत त्याचं स्पेलिंग इंग्रजी ली सारखं केलं, एवढाच काय तो बदल. त्या जनगणनेत प्रत्येक घरी गाई किती, मेंढ्या किती, बटाटे किती लावले हेही लिहिलंय. यांच्याकडे एक गाय आणि चार मेंढ्या. मालक नव्हते, ली शेतावर कूळ होते. एवढ्याशावरून निघून 160 एकरांपर्यंत गेले.

पण बाप्तिस्म्याच्या वहीत ओलेंचा जन्म ली वर नाहीच. जन्म हौगेन नावाच्या शेतावर, हौगेन म्हणजे टेकाड. ली ला कुटुंब नंतर राहायला आलं. आणि हौगेन वाचताच मला धस्स झालं, कारण होमस्टेडच्या फाइलीत साक्ष देणाऱ्या शेजाऱ्याचं आडनाव हौगेन होतं, आणि ट्रेल काउंटीतल्या दफनभूमीत ली लोकांच्या ओळीला लागूनच हौगेनांची ओळ आहे. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, हो हो, ते आमचे जुने शेजारी, आजोबा त्यांना फार मानायचे. वहीत मागे गेले, त्याच आईबापांच्या पोटी चार वर्षांनी मोठा मुलगा. तो 1861 मध्ये अमेरिकेला निघाला असं निघून गेलेल्यांच्या यादीत लिहिलंय, तेव्हा घर हौगेनवर होतं. धाकटा निघाला तेव्हा घर लीवर. सख्खे भाऊ, दोघांनी आपापला शेवटचा पत्ता आडनाव म्हणून घेतला, आणि चार पिढ्यांत घर विसरून गेलं की ते भाऊ होते.

सासऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आम्ही दरवर्षी फुलं ठेवायला जायचो, हौगेनांच्या दगडांवर कधी ठेवली नाहीत.

जहाजाबद्दल थोडं, कारण इथे पुष्कळ जण अडकतात. त्या काळी बरेचसे नॉर्वेजियन न्यूयॉर्कला उतरलेच नाहीत, ते क्वेबेकला उतरायचे. 1849 नंतर ब्रिटिशांनी जहाजवाहतुकीचे जुने निर्बंध उठवले, मग नॉर्वेची जहाजं माणसं भरून कॅनडाला जायची आणि परत येताना लाकूड आणायची. तिथून लोक सरोवरांमार्गे आणि रेल्वेने विस्कॉन्सिन, मिनेसोटाला. त्यामुळे न्यूयॉर्कच्या यादीत शोधून डोळे फोडू नका, क्वेबेकच्या याद्या कॅनडाच्या आर्काइव्ह्जकडे आहेत, पण 1865 पासूनच्याच. आमचे 1866 चे म्हणून मिळाले, थोरल्या भावाची अमेरिकेकडची नोंद नाही मिळाली.

उन्हाळ्यात आम्ही सॉल्ट लेक सिटीला फॅमिलीसर्चची लायब्ररी बघायला गेलो. टेंपल स्क्वेअरच्या समोरच, प्रवेश फुकट, रविवारी बंद. स्कँडिनेव्हियाचं काम येणारी एक स्वयंसेविका आजी भेटली, तिने मला न लागलेली एक ओळ क्षणात वाचून दिली. कन्फर्मेशनच्या, म्हणजे मुलं वयात येताना चर्चमध्ये होणाऱ्या विधीच्या नोंदीत देवीची लस टोचल्याची तारीख असते ती होती. घरून जी पानं कुलूपबंद दिसतात, कॅमेऱ्यावर किल्लीचं चिन्ह असलेली, त्यातली बरीच तिथे उघडतात. तेवढ्यासाठी सॉल्ट लेकला जायची गरज नाही, त्यांची छोटी सेंटर्स आणि जोडलेल्या पब्लिक लायब्ऱ्या गावोगावी आहेत. आपल्या पब्लिक लायब्ररीत हेही विचारून ठेवा की अॅन्सेस्ट्री या पैसे घेणाऱ्या वंशावळीच्या साइटची लायब्ररी आवृत्ती आहे का, असली तर तीही फुकट वापरता येते. आणि 2024 मध्ये फॅमिलीसर्चने हस्तलिखित मजकुरातले शब्द शोधायची जी सोय आणली ती जमिनीचे दस्त आणि मृत्युपत्रं धुंडाळायला फारच भारी आहे, इंडेक्समध्ये नसलेला साक्षीदारसुद्धा सापडतो.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. आमचा शोध लागला कारण आमचे पूर्वज नोंदीत नावाने होते. नवऱ्याच्या एका कृष्णवर्णीय मित्राला मी उत्साहाने हे शिकवायला बसले आणि 1870 ला येऊन थांबलो, कारण 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या वेगळ्या याद्यांत माणसांची नावंच नाहीत, फक्त मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, रंग. ते पान बघून दोघंही गप्प झालो. फॅमिलीसर्चवर फ्रीडमन्स ब्यूरोचे, म्हणजे यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे कागद आहेत, 2015-16 मध्ये हजारो स्वयंसेवकांनी मिळून त्यांची सूची केली, आणि त्याच लोकांसाठीच्या फ्रीडमन्स बँकेच्या खात्यांत आईवडील, भावंडं, जुने मालक यांची नावं मिळतात. मित्राला बँकेच्या नोंदीत खापरपणजीचं नाव मिळालं. अजून मागे जातोय आम्ही.

कुणासाठी घ्यावं? ज्याला बसून वाचायची तयारी आहे त्याने नक्की. दोन क्लिकमध्ये राजघराणं हवंय त्याने नको. सुरुवात करताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा, बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेले जन्ममृत्यू, फोटोच्या मागे लिहिलेलं, सगळ्याचे फोटो काढून घ्या. घरची गोष्ट चुकीची असली तरी लिहून ठेवा. आमच्या गोष्टीत कारकून खोटा होता पण नॉर्वे खरं होतं.

लेकीचा प्रोजेक्ट कधीच देऊन झाला, तेव्हा तिने लांब नावाच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं होतं. आता तिने ते खोडून तिथे दोन डोंगर काढलेत, एक उतार आणि एक टेकाड. यंदा मेमोरियल डेला, म्हणजे मे महिन्यात इथे थडग्यांवर फुलं ठेवायच्या दिवशी, आम्ही ट्रेल काउंटीत जातोय, फुलं दोन्ही ओळींपुरती घ्यायचीत. तोवर मला ओलेंच्या बायकोची पॅरिश काढायची आहे, तिच्या लग्नाच्या नोंदीत तेवढाच शब्द शाईच्या डागाखाली गेलाय.